निकालाचा रिकामा रकाना

माझे पाममित्र गेले त्याला आता दीड वर्ष होईल. त्यांच्या घरच्यांनी त्यांची एक वही माझ्याकडे पाठवून दिली आणि ती चाळताना हे लिहावेसे वाटले. वही जाड पुठ्ठ्याची आहे आणि तिच्या प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले सहा रकाने आहेत: झाडाचे नाव, बी किंवा रोप कोठून आले, जमिनीत केव्हा लावले, बागेच्या कोणत्या भागात लावले, त्या जागी नोंदलेले सर्वांत कमी तापमान, आणि शेवटी ‘निकाल’. ३१ वर्षांत या वहीत १४३ झाडे नोंदली गेली आणि त्यांपैकी १०६ झाडांच्या निकालात ‘मृत’ हा एकच शब्द आहे. उष्ण कटिबंधातले पाम न मानवणाऱ्या हवेत वाढवून दाखवणारा माणूस अशी त्यांची ओळख होती आणि ती खोटी नव्हती. पण मला विचाराल तर जिवंत ठेवलेल्या झाडांपेक्षा या १०६ मृत्यूंची नीट नोंद ठेवणे हे त्यांचे अधिक मोठे काम होते.

(‘पाम’ हा शब्द मी नाइलाजाने वापरते आहे. माड, पोफळ, ताड, शिंदी, भेरली माड अशी एकेकाची नावे मराठीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत, पण या साऱ्या कुळाला मिळून रोजच्या बोलण्यातले एक नाव नाही. त्यांना स्वतःला ‘ताल’ हा शब्द आवडे. तो बोलण्यात रुळला नाही याची त्यांना बारीकशी खंतही होती.)

त्यांचा पत्ता मला एका तिऱ्हाईताकडून मिळाला तेव्हा मी या छंदात अगदीच नवखी होते. हिवाळ्यात चार-सहा रात्री पारा शून्याखाली उतरतो अशा जागी माड जगेल का, एवढेच मला विचारायचे होते. त्यांचे उत्तर चार पानांचे आले आणि त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ असे काहीच नव्हते. त्यांनी स्वतः लावलेले सात माड कसकसे मेले याची ती क्रमवार हकिगत होती. पहिला माड दहिवराने, म्हणजे पानांवर गोठलेल्या दवाने, एका रात्रीत करपला होता, हे मला अपेक्षितच होते. उरलेल्या सहांवर मात्र त्यांनी दहिवर पडूच दिले नव्हते. त्यांच्यावर रात्री पांघरूण घातले जाई, सकाळी काढले जाई, आणि तरीही ते सहा जण हिवाळ्याच्या अखेरीस, हवा सुधारू लागल्यावर, एकामागून एक गेले. गार आणि ओली माती कित्येक आठवडे तशीच राहिली की माडाच्या मुळांचे काम मंदावते, जमिनीत असलेले अन्नद्रव्यही त्यांना उचलता येत नाही, झावळ्या पिवळ्या पडतात आणि दमट गाभ्यात कुज शिरते. पाने वाचवण्यात गुंतलेल्या माणसाच्या नजरेतून पायाखालची माती निसटते, असे त्यांनी लिहिले होते. शेवटच्या ओळीत त्यांनी मला माझ्या बागेतल्या मातीचे एक वीत खोलीचे तापमान महिनाभर रोज सकाळी मोजायला सांगितले आणि त्यानंतरच पुन्हा पत्र पाठवावे अशी विनंती केली. मी ते मोजले आणि माड लावला नाही. आमचा पत्रव्यवहार तेथून सुरू झाला आणि १९ वर्षे चालला.

आंबा किंवा वड थंडीने शेंड्याकडून वाळला तरी खोडावरच्या एखाद्या सुप्त डोळ्यातून पुन्हा फुटतो. बहुतेक पामांच्या खोडाला वाढीचा बिंदू एकच असतो, तोही शेंड्यात, झावळ्यांच्या देठांच्या वेढ्यात खोल दडलेला. तो गेला की ते खोड संपले. पाम हे एकदल वर्गातले झाड असल्यामुळे त्याच्या खोडात आंबा-वडासारखा सालीखालचा वाढता थर नसतो. म्हणून खोडाला झालेली जखम कधी भरून येत नाही आणि बहुतेक जातींत रोप आधी जमिनीलगत आपल्या खोडाची पुरी जाडी तयार करते, मगच उंच वाढू लागते. कित्येक वर्षे झाड जणू जागचे हललेच नाही असे दिसते आणि नेमक्या त्याच वर्षांत ते थंडीला सर्वांत जास्त उघडे असते, कारण त्याचा जीव जमिनीपासून वीतभर उंचीवर, गार हवेच्या थरात असतो. हे सारे मी पुढे पुस्तकांतून वाचले, पण पहिल्यांदा कळले ते त्यांनी एका मेलेल्या झाडाचा शेंडा उभा चिरून दाखवला तेव्हा. आतून बाहेर येऊ घातलेली पुढच्या कितीतरी महिन्यांची पाने तेथे एकात एक घट्ट बसलेली होती आणि त्यांच्या मध्यभागी बोटाच्या पेराएवढा भाग तपकिरी झालेला होता. “एवढ्याशा जागेचे मरण बाहेर दिसायला चार महिने लागले,” ते म्हणाले, “आणि मी त्या चार महिन्यांत याला पाणी घालत होतो.”

त्यामुळेच त्यांचा एक नियम पक्का झाला होता. थंडीने पोळलेल्या पामाचा निकाल पुढचा पूर्ण उन्हाळा उलटल्याशिवाय लिहायचा नाही आणि करपलेली पानेही थंडी सरेपर्यंत कापायची नाहीत, कारण मेलेले पानसुद्धा गाभ्यावर छत्र धरते. मधल्या सुरळीला, म्हणजे न उलगडलेल्या कोवळ्या पानाला, ते आठवड्यातून एकदा दोन बोटांनी हलकेच ओढून पाहत. सुरळी घट्ट असली तर आशा आहे. ती हातात आली आणि तिच्या बुडाला आंबूस वास आला, तर पोकळीत हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक ओतून, वरून पावसाचे पाणी जाणार नाही अशी तजवीज करून गप्प बसायचे. या दोन औषधांपैकी कोणते बरे, यावर आमचे कधीच एकमत झाले नाही. ताम्र वारंवार ओतले तर कोवळ्या पेशींनाच बाधते असे माझे म्हणणे होते, आणि एकदाच नीट ओतले तर वारंवार ओतावे लागत नाही असे त्यांचे.

त्यांची बाग मी प्रत्यक्ष पाहिली ती ओळख झाल्यावर तीन वर्षांनी. उतारावरची जागा, वरच्या अंगाला दगडी भिंत, मध्ये जुन्या सदाहरित वृक्षांची दाटी आणि खाली उघडा चौकोन. चालता चालता ते प्रत्येक ठिकाणी थांबून खुंटीला टांगलेला किमान तापमापक दाखवत होते. असे ११ तापमापक बागेत होते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे सोडून देतात आणि पानाचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. गार झालेली जड हवा उतारावरून पाण्यासारखी वाहत सखल भागात साचते. डोक्यावर फांद्यांचे छप्पर असेल तर पानांची उष्णता सरळ आकाशात जात नाही. भिंतीपाशी असेल तर दिवसभर तापलेला दगड रात्री थोडीफार ऊब परत देतो. त्यांच्या भिंतीपाशी आणि खालच्या चौकोनात एकाच पहाटे चार अंशांचा फरक वहीत नोंदलेला आहे. लागवडीच्या दृष्टीने चार अंश म्हणजे जवळजवळ वेगळा प्रदेश. “तुमच्याकडे किती थंडी पडते?” असे कोणी विचारले की ते उलट विचारत, “कोणत्या झाडाखाली?”

मात्र ढग आणि वाऱ्यासह थंड हवेची लाटच्या लाट येते तेव्हा भिंत, छप्पर, उतार यांपैकी काहीच फारसे उपयोगी पडत नाही, हेही ते त्याच दमात सांगत. अशा वेळी बाहेरून ऊब द्यावी लागते. त्यासाठी त्यांच्याकडे दोन उपाय होते. एक म्हणजे झाडालगत पाण्याने भरलेली पिंपे. पाणी गोठताना दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते आणि ती गोणपाटाच्या आत अडकली तर काही तास निभावतात. दुसरा उपाय म्हणजे जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्यांच्या माळा. त्या शेंड्याभोवती गुंडाळून, दोन अंशांच्या आसपास आपोआप सुरू होणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडलेल्या असत. एलईडी दिवे आले आणि तारेचे दिवे मिळेनासे झाले, तेव्हा सगळे जग वीज वाचली म्हणून आनंदात असताना ते मात्र जुन्या माळा गोळा करत फिरत होते. ज्या दिव्याची अर्ध्याहून कितीतरी जास्त वीज उष्णतेत वाया जाते म्हणून तो बाद झाला, त्यांना नेमके ते वाया जाणेच हवे होते.

सरासरी या शब्दाशी त्यांचे वैर होते. लागवडीच्या क्षेत्रांचे नकाशे दरवर्षीच्या नीचतम तापमानांची सरासरी काढून केलेले असतात आणि रोपे विकणारे त्यांच्याच आधाराने बोलतात. पण झाड सरासरीने मरत नाही, एका रात्रीने मरते. याचे उदाहरण म्हणून ते इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या सिली बेटांवरच्या ट्रेस्को येथील बागेचे नाव घेत. समुद्राच्या उबेमुळे तेथे दीड शतकाहून अधिक काळ दक्षिण गोलार्धातली नाजूक झाडे उघड्यावर वाढत होती आणि जानेवारी १९८७ मध्ये बर्फ आणि कडाक्याची थंडी येऊन त्या बागेतल्या झाडांचा मोठा भाग मेला. त्यातून ती सावरते न सावरते तोच जानेवारी १९९० च्या वादळाने वारा अडवणारी उंच झाडे आडवी केली. फ्लोरिडात १९८३, १९८५ आणि १९८९ असे तीन मोठे तडाखे एकाच दशकात बसले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये थंडीची लाट आली तेव्हा रस्त्याकडेचे वॉशिंग्टोनिया रोबस्टा हे उंचच उंच पाम मोठ्या संख्येने मेले आणि त्यांच्या शेजारचे त्याच भागातले मूळचे साबाल पाम मात्र उभे राहिले. त्या महिन्यात त्यांचे जे पत्र आले त्यात आनंद नव्हता, पण शिक्षकाला बरोबर उत्तर मिळाल्यावर जे समाधान वाटते ते होते. वॉशिंग्टोनिया तेथे काही दशके जगला याचा अर्थ तो तेथला झाला असा नाही, तर ती रात्र काही दशके आली नव्हती एवढाच, असे त्यांचे म्हणणे.

‘उष्ण कटिबंधातला पाम’ या शब्दांतच एक फसगत आहे, हे मला त्यांच्यामुळे कळले. पामांच्या सुमारे २,६०० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्याच आहेत हे खरे. पण उष्ण कटिबंधात डोंगरही असतात. कोलंबियाचा राष्ट्रीय वृक्ष असलेला मेणमाड, सेरोक्सिलॉन क्विंडिउएन्स, विषुववृत्तापासून फार दूर नाही, तरी तो अँडीजमध्ये दोन ते तीन हजार मीटर उंचीवर धुक्यात वाढतो आणि जगातल्या सर्वांत उंच पामांमध्ये गणला जातो. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हम्बोल्टने १८०१ मध्ये तो पाहिला तेव्हा पाम म्हणजे सखल, उष्ण भागातले झाड या समजुतीला तडा गेला. न्यूझीलंडचा निकाऊ पाम चॅटम बेटांवर ४४ अंश दक्षिणेपर्यंत पोचतो. आपल्या कुमाऊंच्या डोंगरांत, हिवाळ्यात बर्फ पडते अशा उंचीवर, ट्रॅकिकार्पस ताकिल हा पाम आहे. बेक्कारी या इटालियन अभ्यासकाने १९०५ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याचाच चिनी भाऊबंद, ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय, झीबोल्ट या जर्मन वनस्पतिसंग्राहकाने १८३० मध्ये बियांच्या रूपाने युरोपात नेला आणि रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश संग्राहकाने १८४९ मध्ये चीनमधून त्याची रोपे इंग्लंडला पाठवली. आज थंड मुलखात जो पाम सहज दिसतो तो बहुधा हाच. माझ्या मित्राच्या बागेत तो होता, पण त्याची नोंद वहीत नाही. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “तो मरणार नाही. मग लिहायचे काय?”

मेणमाडाची मात्र दोन पाने भरून नोंद आहे. बी मिळवायला त्यांना सहा वर्षे लागली, उगवायला सव्वा वर्ष. २२ रोपांपैकी नऊ जमिनीत गेली आणि पहिले दोन हिवाळे त्यांनी हसत काढले. त्यांना घेरले ते तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्याने. ज्या झाडाला वर्षभर एकसारखी थंड, ओलसर हवा लागते त्याला रात्रीही उतार न पडणारे उष्ण आठवडे सोसेनात. नऊच्या नऊ गेले. आयुष्यभर थंडीशी झुंजलेल्या माणसाची झाडे उकाड्याने मरावीत यातला विनोद त्यांना कळला होता; सर्वांत कमी तापमानाच्या रकान्यात त्यांनी आकडा खोडून वर लिहिले आहे: ‘सर्वांत जास्त हवे होते’. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने एक सातवा रकाना ओढलेला आहे.

चिलीच्या जुबायावर त्यांचे विशेष प्रेम होते. हा पाम हत्तीच्या पायासारखा जाड, थंडीला कणखर आणि वाढीला इतका मंद असतो की लावणाऱ्याने त्याच्या फळाची आशा धरू नये. डार्विनने १८३४ मध्ये हे वृक्ष त्यांच्या मायदेशी पाहिले आणि त्यांच्या कुळाच्या मानाने ते कुरूप आहेत असा शेरा मारला, ही गोष्ट माझ्या मित्राला इतकी लागलेली होती की डार्विनचा विषय निघाला की ते उत्क्रांतीवर नव्हे, तर जुबायावर बोलत. लंडनमधल्या क्यू वनस्पती उद्यानाच्या टेम्परेट हाउस या काचघरात १८४०च्या दशकात आलेल्या बियांपासून वाढलेला एक जुबाया होता. तो दीड शतकाहून अधिक काळाने काचेच्या छताशी भिडला आणि २०१३ नंतरच्या मोठ्या डागडुजीत तोडावा लागला. तो तोडल्याचे कळले त्या दिवशी त्यांनी मला फक्त एक ओळ पाठवली: “थंडीने नव्हे, छपराने.”

त्यांनी केलेला एक उद्योग मात्र माझ्या डोळ्यांदेखत यशस्वी झाला. बुटिया हा थंडी सोसणारा, करड्या निळसर झावळ्यांचा पाम आणि सायाग्रस रोमान्झोफियाना हा मऊ, डौलदार, पण नाजूक पाम. या दोघांच्या संकरातून दोघांचेही गुण असलेले झाड होते आणि खेचराप्रमाणेच ते बहुधा वांझ असते, म्हणून त्याला ‘खेचर पाम’ म्हणतात. वांझ असल्यामुळे प्रत्येक झाड नव्याने, हाताने घडवावे लागते. बुटियाच्या फुलोऱ्यात नरफुले आणि मादीफुले दोन्ही असतात. फुलोरा पोयीतून बाहेर येताच सगळी नरफुले खुडायची, उरलेल्या भागावर कापडी पिशवी बांधायची, आणि मादीफुलांवर चिकट थेंब दिसू लागले की सायाग्रसचे साठवलेले पराग ब्रशने लावायचे. मी शिडी धरून उभी होते आणि ते वर बसून सलग पाच तास नरफुले खुडत होते. एक राहिले तरी सगळे मुसळ केरात, असे स्वतःशीच पुटपुटत होते. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. त्या फुलोऱ्यातून ४१ बिया मिळाल्या, त्यांतून १४ रोपे झाली आणि पाने चिरू लागल्यावर कळले की त्यांतली पाच निव्वळ बुटिया आहेत. म्हणजे काही फुले राहिलीच होती. नऊ खरी खेचरे त्यांनी वाटून टाकली. त्यांतले एक माझ्याकडे आहे आणि आता माझ्या हाताला त्याचा शेंडा लागत नाही.

आमचा खरा वाद होता तो गुंडाळण्यावरून. ज्या झाडाला वर्षातले तीन महिने गोणपाटात आणि दिव्यांच्या माळांत ठेवावे लागते ते बागेत लावलेले नसून कपाटात ठेवलेले आहे, असे माझे मत होते आणि अजूनही आहे. ते यावर इटलीतल्या पाडुआच्या वनस्पती उद्यानाचे उदाहरण देत. तेथे १५८५ मध्ये लावलेला चॅमेरॉप्स ह्युमिलिस हा पाम आजही जिवंत आहे. जर्मन कवी गटेने १७८६ मध्ये तो पाहिला आणि त्याच्या पानांची बदलत जाणारी रूपे पाहून वनस्पतींच्या रूपांतराविषयीचे त्याचे विचार पक्के होत गेले. त्या झाडाभोवती आज खास काचघर आहे. “चारशे वर्षांच्या वर एकामागून एक माणसे त्याला जपत आली,” ते म्हणत, “याला तुम्ही कपाट म्हणाल?” यावर माझ्याजवळ चांगले उत्तर कधीच नव्हते. चॅमेरॉप्स मुळात भूमध्यसागराकाठचा काटक पाम आहे, त्याची आणि माडाची बरोबरी होत नाही, एवढेच मी म्हणत असे आणि ते हसून विषय बदलत.

माडाचा नाद त्यांचा कधी सुटला नाही; त्याने फक्त रूप बदलले. मादागास्करच्या मध्यवर्ती पठारावर, सुमारे हजार मीटर उंचीवर, नदीकाठच्या झाडीत अगदी माडासारखा दिसणारा एक पाम सापडला आणि २००७ मध्ये बेक्केरिओफिनिक्स आल्फ्रेडाय या नावाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. आल्फ्रेड हे तो शोधून काढणाऱ्या तेथल्याच वनस्पतिसंग्राहकाचे नाव. पठारावरचा असल्यामुळे तो माडापेक्षा गारवा कितीतरी चांगला सोसतो. वर्णन प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच काळात त्यांनी बी मिळवले आणि भिंतीपाशी, बागेतल्या सर्वांत उबदार जागी, एकच रोप लावले. बाकीच्या झाडांबाबत वहीत जो कोरडेपणा आहे तो येथे ढळलेला दिसतो. नवीन पान उलगडले की तारीख, त्याची लांबी, सकाळ होती की संध्याकाळ. एके ठिकाणी तर ‘वाऱ्यात आवाज माडासारखाच येतो’ असेही लिहिलेले आहे. हे कोणत्याच रकान्यात बसत नसल्यामुळे ते समासात आहे.

ते सोपे गृहस्थ नव्हते. विचारल्याशिवाय बी दिलेले त्यांना आवडत नसे आणि दिलेले बी वाया घालवले तर ते वर्षभर विसरत नसत. एका होतकरू मुलाने पामाच्या सगळ्या हिरव्या झावळ्या छाटून शेंड्याला फक्त तुरा ठेवला, तेव्हा ते त्याला जे बोलले ते मला येथे लिहिता येणार नाही. जिवंत पामांची चित्रे कोणी कौतुकाने दाखवली की ते पहिला प्रश्न विचारत: “आणि मेलेली?” पुष्कळांना हा प्रश्न खवचट वाटे. माझ्या मते तो या छंदातला सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, कारण तगलेल्या एका झाडामागे न सांगितलेली दहा झाडे असतात आणि नवखा माणूस त्या एकाच्या भरवशावर अकरावे लावतो.

शेवटच्या वर्षी त्यांना शिडी चढवेना. दिव्यांच्या माळा त्यांनी आल्फ्रेडायभोवती गुंडाळल्या त्या जमिनीवरून, लांब काठीच्या आधाराने, आणि मला पत्रात लिहिले की शेंडा नीट झाकला गेलेला नाही पण हिवाळा सौम्य दिसतो. हिवाळा सौम्यच होता. ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेले. बागेची वाटणी व्हायची होती, घरात कोणी राहत नव्हते, वीज तोडलेली होती आणि मी दूर होते. पुढच्या हिवाळ्यात सलग तीन निरभ्र रात्री आल्या. मी पोचले तेव्हा चौथा दिवस उजाडला होता. भिंतीपाशीच्या तापमापकाने उणे ५ दाखवले, खालच्या चौकोनातल्याने उणे ९. खेचरांचे आईबाप दोघेही उभे होते; सायाग्रसची पाने गवतासारखी वाळलेली, बुटियाला काहीच झालेले नाही. आल्फ्रेडायच्या सगळ्या झावळ्या तांबूस पडून खाली लोंबत होत्या. मी सुरळी दोन बोटांनी धरून ओढली. ती आली नाही.

मी पाने कापली नाहीत. गोणपाट बांधले, पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून वर तिरपा पत्रा ठेवला आणि हवा सुधारल्यावर परत जाऊन त्यांची युक्ती केली: सुरळी आणि तिला खेटून असलेला जुना देठ या दोघांवरून काळ्या शाईने एक आडवी, सरळ रेघ ओढली. जुना देठ वाढत नाही. सुरळी आतून वर सरकत असेल तर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून हलतात आणि किती हलले ते पट्टीने मोजता येते. पंधरा दिवसांनी काही फरक नव्हता. महिन्याने तीन मिलिमीटर दिसले. परवा पुन्हा जाऊन आले तेव्हा ते सात होते.

सात मिलिमीटर त्यांनी मान्य केले नसते. आधीच तयार झालेले पान नुसते ताणले जाऊनही एवढे सरकते, खाली गाभ्यात काय आहे ते त्यावरून कळत नाही, एक सेंटिमीटरच्या आत मला काही सांगू नका, असे ते एकदा मलाच म्हणाले होते. घराचे व्यवहार पूर्ण होत आले आहेत आणि नवीन मालकांनी भिंतीपाशीचे झाड पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवायला हरकत नाही असे कळवले आहे. वही मी सोबत नेली होती. आल्फ्रेडायच्या ओळीत, सर्वांत कमी तापमानाच्या रकान्यात, त्यांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात उणे ५ लिहिले, समासात तारीख आणि सात मिलिमीटर एवढे टिपले, आणि निकालाचा रकाना तसाच ठेवून वही मिटली.